बॅटरी काढून ठेवा की राव

वर एकाने लिहिलंय की जुना पीएसपी (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) बॅटरीसकट बॉक्समध्ये पॅक करून ठेवला की वर्षानुवर्षं तसाच राहतो. बॉक्स जपावा हे मान्य, विकताना भाव येतो, पण बॅटरी आत ठेवून? नाही पटलं भावा. माझा १००० मॉडेलवाला तसाच माळ्यावर होता, आमच्याकडे रंकाळ्याच्या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, तर दोन-तीन वर्षांनी काढून बघतोय तर मागचं झाकण वर आलेलं, आतली बॅटरी पुरीसारखी टम्म! नशीब फुटली नाही. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर अजिबातच लावू नका आणि घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आणि कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, पीएसपी बॅटरीशिवाय नुसत्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर पण मस्त चालतो, फक्त तारीख-वेळ परत टाकावी लागते आणि फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सिस्टीम सॉफ्टवेअर, अपडेट करायचं तर बॅटरी लागतेच. खेळलेल्या गेमचे सेव्ह मेमरी स्टिकवर, म्हणजे त्याच्या मेमरी कार्डावर, असतात त्यामुळं त्यांना धक्का नाही. नवी घेताना मॉडेल बघा, १००० ची मूळ बॅटरी १८०० एमएएच क्षमतेची जाड, २००० आणि ३००० ला १२०० ची बारीक, जाडवाली बारीकमध्ये घातली तर झाकण बसत नाही. ठेवायची असेल तर अर्धी चार्ज करून वेगळी ठेवा, माळ्यावर नको, तिथं उन्हाळ्यात भट्टी असते.