बोटं धड चालत नसतील तर सर्व्हिस डॉग म्हणून पूडल नको, लॅबच बरा

शेवंती (एडिसन, न्यू जर्सी)

मला आमवात आहे, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी बोटांचे सांधे वळत नाहीत, घराबाहेर व्हीलचेअर लागते. पडलेली वस्तू उचलून देणं, फ्रीजच्या दाराला बांधलेली दोरी ओढून दार उघडणं, फोन आणून देणं, मोजे ओढून काढणं, एवढ्या कामांसाठी सर्व्हिस डॉग घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. संस्थेकडून तयार कुत्रा मिळायला फार काळ रांगेत थांबावं लागतं. म्हणून पिल्लू आणून, प्रशिक्षक लावून घरीच तयार करणार. इथल्या १९९० च्या एडीए कायद्यात, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात, तशी मुभा आहे.

आता जात. ज्याला विचारावं तो स्टँडर्ड पूडल, म्हणजे मोठ्या आकाराचा कुरळ्या केसांचा पूडल सांगतो. हुशार आहे, केस गळत नाहीत, तुमच्या धाकटीला कुत्र्याजवळ गेलं की शिंका येतात, मग दुसरा विचारच कशाला? माझं मत याच्या ठाम विरुद्ध, लॅबच्या (लॅब्राडॉरच्या) बाजूचं आहे आणि ते इथे मांडते, कारण माझ्यासारखे हात असलेल्या माणसाला हा सल्ला देताना अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

पूडलचे केस गळून जमिनीवर पडत नाहीत, कारण सुटलेला केस शेजारच्या कुरळ्या केसांत अडकतो. तिथेच त्याची गाठ होते. वरून ब्रश फिरवला तर कुत्रा छान फुललेला दिसतो आणि आत कातडीलगत नमदा बसलेला असतो. तो टाळायचा तर डाव्या हाताने केसांचा एकेक थर बाजूला धरायचा, उजव्या हाताने तारेचा ब्रश मारायचा आणि मग लोखंडी कंगवा कातडीपर्यंत नेऊन कुठे अडकतो का ते बघायचं. अंगभर. हे करताना मनगट आणि बोटांची पकड दोन्ही लागतात, आणि माझ्याकडे नेमकी तीच नाही. शिवाय दर पाच-सहा आठवड्यांनी केस कापायला ग्रूमर. आमच्याकडे एवढ्या मोठ्या पूडलचे एका खेपेला शंभर डॉलरच्या वरच जातात आणि अर्धा दिवस कुत्रा तिकडे. त्या अर्ध्या दिवसात माझ्या हातून किल्ली पडली तर?

लॅबचे केस घरभर होतात, मान्य. पण त्याला पट्ट्याने तळव्यावर बसणारा रबरी ब्रश चालतो. बोटं मिटावी लागत नाहीत, नुसता हात फिरवायचा. रोज रात्री पंधरा मिनिटं मी ते करू शकते. जात निवडताना हुशारीच्या आधी हे विचारा की रोजची निगा कोणाचे हात राखणार आहेत. कुत्रा ज्याचा, त्याचेच हात असावेत असं मला मनापासून वाटतं.

हिमगौरी (टोरांटो)

शेवंतीताई, अजिबात पटलं नाही. मीही व्हीलचेअरवर आहे आणि माझा कुत्रा स्टँडर्ड पूडलच आहे. तुम्ही वर्णन केलंय ते लांब केस राखलेल्या पूडलचं. काम करणाऱ्या पूडलला तसे केस ठेवायला कोणी सांगितलंय? माझ्याचे अंगभर एकाच मापाचे, बोटाच्या पेराहून कमी. तोंड, पावलं आणि शेपटीखालचा भाग मशीनने साफ. एवढे आखूड ठेवले की आठवड्यातून दोनदा कंगवा पुरतो, आणि तोही मोजक्या जागी: कानामागे, काखेत, जांघेत, हार्नेसचा पट्टा जिथे घासतो तिथे. गाठी तिथेच धरतात.

आता लॅबबद्दल. माझा आधीचा कुत्रा लॅब होता. व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकांचा आस कधी खाली वाकून बघितलाय? त्यात लॅबचे केस दोऱ्यासारखे गुंडाळले जातात, चाक जड होतं आणि खुर्ची एका बाजूला ओढायला लागते. मग कोणीतरी पाना घेऊन चाक काढायचं, कात्रीने केस कापायचे, परत बसवायचं. ते काम तुमच्या बोटांना जमणार आहे का? तुम्ही ब्रशचा हिशेब मांडला, चाकांचा मांडला नाहीत.

पैशाचं म्हणाल तर तुमच्या आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, ५०२ नंबरच्या पुस्तिकेत सर्व्हिस डॉगचा खर्च वैद्यकीय खर्चात धरलेला आहे. त्यात खाणं, डॉक्टर आणि ग्रूमिंग तिन्ही येतात. वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवर गेला की वरच्या रकमेची वजावट मिळते. तुमच्या औषधांचा खर्च बघता ती मर्यादा तुम्ही ओलांडत असणार.

पशुवैद्य_कोल्हापूर

शिंकांबद्दल आधी बोलतो, कारण त्यावरूनच बरेच निर्णय चुकतात. ॲलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात, लघवीत असणाऱ्या प्रथिनांची असते. त्यातलं मुख्य 'कॅन एफ १'. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लॅब, पूडल, लॅब्राडूडल (या दोन्हींची मिश्र जात) अशा जातींचे केस आणि त्यांच्या घरातली हवा तपासली. ज्यांना ॲलर्जीमुक्त म्हणून विकलं जातं, त्यांच्या केसांवर हे प्रथिन कमी नव्हतं, उलट जास्त सापडलं. घरातल्या हवेत फरक दिसला नाही. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत मात्र भरपूर फरक असतो. तेव्हा शेवंतीताई, धाकटीला जातीजवळ नेऊ नका, त्या ठरावीक कुत्र्याजवळ न्या. पिल्लाच्या आईबापांसोबत बंद खोलीत बसवा, एकदा नाही, दोन-तीनदा. तिला दमा असेल तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा.

हिमगौरीताईंनी केस आखूड ठेवायचं सांगितलं ते पूडलला ठीक. लॅबवर कोणी तो प्रयोग करू नये. लॅबला दुहेरी केस असतात, वरचे राठ आणि आत दाट मऊ लव. ती उन्हापासून आणि पाण्यापासून राखण करते. आमच्याकडे एप्रिल लागला की लोक लॅब भादरून आणतात आणि मग कातडी भाजली, केस नीट येईनात म्हणून दवाखान्यात येतात. लॅबला भादरायचं नाही, विंचरायचं.

आणि लॅबच्या भुकेचा विचार केलात का? २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅबमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला सापडला. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो दोष असतो, अशा कुत्र्याला दोन जेवणांच्या मध्येही जास्त भूक लागते. मदतनीस म्हणून काम करणाऱ्या लॅबमध्ये हे प्रमाण ७६ टक्के निघालं. खाऊसाठी काहीही शिकतात, म्हणून निवडले जातात, असा तर्क आहे. पण असा कुत्रा जाड झाला की सांधे जातात आणि दोन वर्षं खपून तयार केलेला मदतनीस लवकर निवृत्त होतो. एकाच घरात दोघांना सांधेदुखी नको.

रानवारा (मेलबर्न)

मग दोन्हींच्या मधला लॅब्राडूडल का नको? तो तर याच कामासाठी आमच्या इथे तयार झाला! व्हिक्टोरियाच्या रॉयल गाईड डॉग्जमध्ये वॉली कॉनरन यांनी १९८९ च्या सुमारास हवाईतल्या एका अंध बाईंसाठी ही जोडी लावली होती. बाईंच्या नवऱ्याला ॲलर्जी होती.

पशुवैद्य_कोल्हापूर

पुढचंही सांगा ना. तीन पिल्लं झाली, त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, आणि त्या नवऱ्याला तिघांपैकी एकच चाललं. बाकी दोघंही त्याच आईबापांची. कॉनरन यांनी स्वतःच पुढे या प्रकाराचा पश्चात्ताप बोलून दाखवला, कारण त्यामागून कोणीही कशाशीही पूडल जुळवून पिल्लं विकू लागलं. निगेच्या दृष्टीने तर हे सर्वांत बेभरवशाचं काम. पिल्लू असताना केस लॅबचे होणार की पूडलचे हे कळत नाही. वर्षाच्या आतबाहेर केस पालटतात तेव्हा मऊ केस आणि राठ केस एकमेकांत गुंततात. गाठीही आणि गळणंही, दोन्ही पदरी.

सदाफुली (नाशिक)

राग मानू नका, पण घरात नवरा आहे, मुली आहेत, मग एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या सासूबाईंचंही असंच होतं, आम्ही सगळे करायचो. मुक्या जनावराला राबवायचं आणि वर त्याचीच सेवा करायची!

शेवंती

सदाफुलीताई, राग नाही. पण तुमच्या सासूबाईंना दिवसातून किती वेळा हाक मारावी लागत असेल, ते त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नसेल. पेन पडलं, हाक. चष्मा पडला, हाक. माझी मोठी अभ्यास सोडून येते, कधी कुरकुरत नाही, आणि म्हणूनच मला जास्त लागतं. काही वेळा तर मी ती वस्तू तशीच पडू देते आणि संध्याकाळपर्यंत वाट बघते. कुत्र्याला वस्तू आणून देणं हा खेळ वाटतो. वाटत नसेल तर त्याला त्या कामाला लावायचं नाही. मोठ्या संस्थांनी खास पैदास केलेली पिल्लंसुद्धा प्रशिक्षणात कितीतरी गळतात, ती मग घरात नुसती लाडाची होऊन राहतात.

काठीपलीकडे (लीड्स)

मला दिसत नाही. माझी गाईड डॉग लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हर यांची मिश्र आहे, आमच्याकडे ही जोडी फार चालते. शेवंतीताईंच्या निष्कर्षाशी माझा वाद नाही, पण निगा म्हणजे ओझं असं धरूनच सगळे बोलताहेत, त्याला विरोध आहे.

कुत्री ताब्यात देण्याआधी संस्था आम्हाला तिला विंचरायला शिकवते. रोज, डोक्यापासून शेपटीपर्यंत, ठरलेल्या क्रमाने. मला तिची तब्येत दिसत नाही, ती मला हाताला कळते. गेल्या उन्हाळ्यात डाव्या काखेत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं, गोचीड होती. पंजाच्या बोटांत गवताचं कुसळ रुतलेलं कळलं ते तिने पाय मागे ओढला म्हणून, तोवर ती लंगडतही नव्हती. कान रोज हुंगतो. आंबूस वास आला की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. हे ग्रूमरवर सोडलं असतं तर सहा आठवड्यांनी समजलं असतं. हिमगौरीताई, तुमच्या 'आठवड्यातून दोनदा कंगवा' यात हे सगळं बसतं का?

हिमगौरी

बसतं, कारण केस आखूड असले की गोचीड बोटांना लगेच लागते. लॅबच्या दाट लवेत ती लपते. कंगवा दोनदा असला तरी हात मी रोज फिरवते.

शेवंती

हिमगौरीताई, चाकांचा मुद्दा मी मान्य करते, तो माझ्या डोक्यात नव्हता. माझ्या खुर्चीच्या पुढच्या चाकांना केस अडवणाऱ्या चकत्या बसतात का ते दुकानात विचारणार आहे. पण एक सांगा, तुमच्याकडे मशीन कोण चालवतं?

हिमगौरी

नवरा. तो फिरतीवर असला की ग्रूमर.

शेवंती

माझा सगळा वाद तिथेच आहे हो. तुमच्या पूडलची सोपी निगा एका धडधाकट माणसाच्या हातावर उभी आहे. कुत्रा घ्यायचा तो दर गोष्टीला हाक मारावी लागू नये म्हणून, आणि त्या कुत्र्यासाठीच पुन्हा दर महिन्याला हाक?

दुसरं म्हणजे बाहेरचा त्रास. दुकानदाराला इथे दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागद मागता येत नाही. तरी माझ्या ओळखीच्या एका पूडलवालीला दर दुकानात अडवतात, लॅबवालीला कोणी हटकत नाही. हे चूक आहे, पण माझ्या अंगात रोज भांडायची ताकद नाही.

हिमगौरी

लोकांच्या अज्ञानापुढे मान तुकवून जात निवडायची, हे मला कधीच पटणार नाही. आम्ही पूडल घेऊन हिंडतो म्हणूनच पुढच्या बाईला कमी अडवतील. आणि नवऱ्याचं म्हणाल तर लॅबची आंघोळ तुम्ही एकट्या घालणार आहात? तीस किलोचा ओला कुत्रा टबमधून बाहेर कोण काढणार? नखं कोण कापणार? कोणाची ना कोणाची मदत लागणारच आहे. ती कोणत्या कामासाठी मागायची एवढंच आपल्या हातात असतं. मी मशीनसाठी मागते, म्हणजे जमिनीवरचे केस काढायला कोणाला बोलवावं लागत नाही.

पशुवैद्य_कोल्हापूर

नखांवर उपाय आहे, दोघींनाही उपयोगी. फळीला पॉलिश पेपर चिकटवायचा, ती मांडीशी तिरकी धरायची आणि कुत्र्याला पंजाने खरवडायला शिकवायचं. पुढची नखं तो स्वतःच घासतो. मागच्या पायांना शिकवणं अवघड, तिथे दुसऱ्याचा हात लागेल. आंघोळीचं म्हणाल तर निरोगी लॅबला महिन्याला एकच पुष्कळ झाली. आणि आधी विंचरायचं, मग भिजवायचं, विशेषतः पूडलला. गाठ ओली झाली की आवळते.

काठीपलीकडे

शेवंतीताई, कोणतंही पिल्लू आणा, पण हनुवटी टेकवायला पहिल्या आठवड्यापासून शिकवा. खुर्चीवर टॉवेल ठेवायचा, त्यावर त्याने हनुवटी टेकवली की ब्रश सुरू, उचलली की ब्रश थांबला. मग तुम्हाला त्याला धरून ठेवावं लागत नाही, पकड लागतच नाही.

शेवंती

हे फार उपयोगाचं आहे, आमच्या प्रशिक्षकाला आजच सांगते. शनिवारी धाकटीला घेऊन एका लॅबवाल्यांकडे जातोय. पिल्लाच्या आईला माझा रबरी ब्रश चालतो का तेही तिथेच बघेन. हिमगौरीताई, मत बदललेलं नाही, पण तुमच्या चाकांचं नीट विचारून घेते.

हिमगौरी

माझंही बदललेलं नाही. चकत्या मिळाल्या तर कोणत्या मापाच्या ते इथे लिहा, आमच्याकडे दोन जण शोधताहेत.