मोपा ते सोलापूर: नकाशावर ३०० किलोमीटर, तिकिटावर सव्वा तास?

मस्कतहून:
नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात पेडण्याला घरी येतोय. आईला पंढरपूरला न्यायचंय. आंबोलीमार्गे आठ-नऊ तास गाडीत बसणं तिच्या कंबरेला झेपणार नाही. मोपाहून फ्लाय९१चं सोलापूरचं विमान आहे. नकाशावर पट्टी लावली, ३०० किलोमीटर आले. मग तिकिटावर सव्वा तास कसला? आणि गोव्यात उतरलो त्याच दिवशी ते विमान पकडता येईल का?

डिचोलीहून:
पट्टी बरोबर लावलीस. हवाई अंतर तेवढंच, वैमानिकांच्या भाषेत साधारण १६५ सागरी मैल. विमान एटीआर ७२, पंख्यांचं. वर पोचलं की ताशी ५०० किलोमीटर. तुझ्या हिशोबाने छत्तीस मिनिटं झाली. पण एवढ्याशा पल्ल्यात ते पूर्ण वेगाने उडतं किती वेळ? चढेचढेपर्यंत उतरायची तयारी सुरू. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे जाऊन थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत रमतगमत जाणं, आपली पाळी येईतो थांबणं, सगळं त्यात धरलेलं. मुंबईच बघ ना. मोपाहून ३९० किलोमीटर, विमान जेट, तरी तिकिटावर वेळ जवळपास तेवढीच! पल्ला लहान असला की वेग फारसा कामाला येत नाही रे.
पुढे सोलापूर-पंढरपूर सत्तरेक किलोमीटर, दीड तास धर. विमान रोज नसतं, आधी वार बघ.

वास्कोहून:
भाऊ, मस्कतच्या तिकिटावर जीओआय आहे की जीओएक्स? पहिला दाबोळी, दुसरा मोपा. नावात गोवा दोन्हीकडे, म्हणून लोक फसतात. आमचे भावोजी गेल्या वर्षी बॅगा घेऊन दाबोळीला हजर, विमान मोपाहून! दोन्ही विमानतळांमध्ये हवाई अंतर ४० किलोमीटर, रस्त्याने मात्र साठच्या वर. जुवारीवर नवा पूल झाल्यापासून पूर्वीसारखा खोळंबा नाही, तरी दीड तास हाताशी ठेवा.
आणि हो, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. चार तासांचा प्रवास दिसला तर घाबरू नका, विमानात अडीचच बसाल.

मस्कतहून:
ताई, वाचवलंत. जीओआय निघालं! त्याच दिवशी पुढे जाण्याचा नाद सोडला. रात्री घरी राहीन, पेडण्याहून मोपा जवळच. काका, वार बघितला, शुक्रवार मिळतोय. आई विचारते, विमानात तुळशीची माळ काढायला लावतात का?

डिचोलीहून:
नाही रे, माळ गळ्यातच राहू दे म्हणावं. येताना आमच्यासाठी बुक्का आणि चुरमुरे तेवढे आण.