वर्गात म्युझिक थेरपी म्हणजे नक्की करायचं काय?

तिसरीच्या_बाई
नमस्कार मंडळी, मी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी एकत्र सांभाळते, ३१ मुलं. मधल्या सुट्टीनंतर वर्ग लागायला रोज पंधरा मिनिटं जातात, एक मुलगा चिडला की हाताला लागेल ते फेकतो आणि एक मुलगी आहे ती जूनपासून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. परवा ट्रेनिंगमध्ये सोशल इमोशनल लर्निंगचा (म्हणजे मुलांनी भावना ओळखणं, आवरणं, इतरांशी जुळवून घेणं) तास झाला, त्यात 'म्युझिक थेरपी' एवढीच एक स्लाइड. विचारलं तर म्हणे मोबाईलवर शांत राग लावा, मुलं आपोआप शांत होतात. दोन दिवस बासरी लावली. पहिल्या दिवशी खिदळली, दुसऱ्या दिवशी एकाने घोरायचं नाटक केलं 😅 शाळेत ढोलकी, टाळांचे ४ जोड, लेझीम आणि भाता फाटलेली पेटी आहे. कोणी खरंच काही केलंय का?

लेझीमवाले_सर
बाई, ऐकवू नका, वाजवायला लावा. माझ्याकडे सुट्टीनंतर गोल करतो, बाकं, टाळ्या, टाळ जे असेल ते. मधे एक पोरगं उभं, त्याने हात वर केला की जोरात, खाली केला की हळू, मूठ आवळली की सगळं बंद. पहिला आठवडा नुसता गोंगाट झाला, शेजारच्या वर्गाच्या बाई दोनदा येऊन गेल्या, पण मूठ आवळल्यावर थांबणं हाच तर सगळा अभ्यास आहे ना, हात शिवशिवत असतो आणि तो आवरायचा. तुमच्या त्या फेकणाऱ्याला मधे उभा करा. शिक्षा म्हणून नाही हां, त्याचा नंबर आला म्हणून.

सुरांची_सोबत
मी म्युझिक थेरपिस्ट आहे. आधी एक सांगते, थेरपी म्हणजे शिकलेला थेरपिस्ट, ठराविक मूल, त्याच्यासाठी ठरवलेलं उद्दिष्ट आणि प्रत्येक सेशनची नोंद. सर करतात ती थेरपी नाही, पण म्हणून ते कमी नाही. जर्मनीत २०१० चा एक प्रयोग आहे, चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांपैकी ज्या एकत्र गायल्या-वाजवल्या त्यांनी नंतर एकमेकांना जास्त मदत केली, तोच खेळ संगीताशिवाय खेळलेल्यांनी कमी.

बासरी का फसली? मुलं मैदानातून धापा टाकत येतात आणि आपण एकदम विलंबित, म्हणजे अगदी संथ लावतो. आमच्यात आधी समोरच्याच्या वेगाला जाऊन भेटतात, मग हळूहळू त्याला खाली आणतात. म्हणजे सुरुवात द्रुत कहरव्यानेच, जलद ठेक्यानेच करा, दर दोन मिनिटांनी लय उतरवा, शेवटी नुसत्या चुटक्या. आणि ते 'मोझार्टचं संगीत ऐकून मुलं हुशार होतात' वगैरे सोडून द्या, ते ज्यावरून आलं तो १९९३ चा प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला.

त्या मुलीला एकटीला गायला लावू नका प्लीज. टाळ द्या, बोलण्याची अट नको. आणि घरी ती बोलते का ते विचारा, घरी भरभरून बोलत असेल आणि शाळेतच गप्प असेल तर समुपदेशकांना दाखवायलाच हवं, गाण्यावर सोडून चालणार नाही.

ऑटिझम_आणि_आम्ही
पालक म्हणून लिहितोय. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, ढोलकीची थाप पडली की कान दाबून बाकाखाली जातो. एका वर्षी गॅदरिंगला त्याला पुढच्या रांगेत बसवलं होतं 'सहभाग' म्हणून, घरी आल्यावर रात्रभर झोपला नाही. तेव्हा गोलाबाहेर बसायची मुभा ठेवा. थेरपीवाल्यांचे दावेही जपून ऐका, २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ३६४ ऑटिस्टिक मुलांवर मोठी चाचणी झाली, पाच महिन्यांनी सामाजिक लक्षणांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आम्ही तरी जातो, त्याला तिथे बरं वाटतं. तेवढं आम्हाला पुरतं.

सुरांची_सोबत
दादा, चाचणीबद्दल बरोबर बोललात. बरा करतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नये.

तिसरीच्या_बाई
सगळ्यांचे आभार. आज केलं. फेकणारा मधे उभा राहिला आणि मूठ सोडेचना, पाऊण मिनिट सगळा वर्ग श्वास धरून 😄 मुलीने टाळ घेतला नाही, पण शेजारणीचा धरून बसली होती. तिच्या आईला शनिवारी बोलावलंय. आता पेटीचा भाता कुठे दुरुस्त होईल सांगा, मिरजेला न्यावी लागेल का?