लीजवर स्पोर्टी सेडान, तीही तालुक्याच्या गावात: घ्यावी की नाही?

जिनवाला_धामणगाव

नमस्कार मंडळी. धामणगाव रेल्वेजवळ आमचं जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. मोठे भाऊ आणि मी, भागीदारी फर्म. चार वर्षांसाठी एक गाडी लीजवर घ्यायचं मनात आहे. विकत नाही, लीजवर, म्हणजे महिन्याला भाडं द्यायचं आणि मुदत संपली की गाडी परत. आणि एसयूव्ही नाही, सेडान. दोन्हीवरून घरात वाद चालू आहे म्हणून इथे मांडतो. विरोधात असाल तर मोकळेपणानं लिहा.

नागपूर दर आठवड्याला ठरलेलं, जालना आणि संभाजीनगर महिन्यातून. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आमची सगळी ये-जा त्याच रस्त्यानं. सध्याची सात सीटची डिझेल गाडी दणकट आहे, तक्रार नाही. पण 120 च्या वेगात बाजूनं वारा लागला की ती हलते, लेन बदलताना झुकते, आणि मागे बसलेल्या बाबांना मेहकर येईस्तोवर मळमळायला लागतं. बसकी, रुंद टायरची गाडी त्याच रस्त्याला धरून चालते. ओळखीतल्या एकाची बीएमडब्ल्यू थ्री सिरीज मी जालन्यापर्यंत नेली, बाबा मागे झोपून होते.

यादीत तीन गाड्या आहेत. त्याच थ्री सिरीजमधली बीएमडब्ल्यू 330 एलआय: 2 लिटर टर्बो पेट्रोल, 258 हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना. मर्सिडीज सी-क्लास, चाकणला जुळणारी. त्यात सी 200 चं इंजिन दीड लिटरचं, 204 हॉर्सपॉवर. आणि ऑडी ए 4, तीही 204 ची, आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळते. माझा कल 330 कडे आहे. ताकद टॉप स्पीडसाठी नको आहे. यवतमाळ रस्त्यावर कापसाच्या ट्रॉलीच्या मागे अडकलं की 60 वरून 100 वर झटकन जाऊन ओव्हरटेक संपवता यावा, एवढ्यासाठी हवी.

लीज का, तर अशा गाडीची किंमत तीन-चार वर्षांत निम्म्याच्या आसपास येते. तो तोटा मी कशाला घेऊ? दुसरं म्हणजे खेळतं भांडवल. गाडी रस्त्यावर येईस्तोवर सत्तर लाख धरले तर डाउन पेमेंटचेच चौदा लाख जातात. 2025-26 च्या क्विंटलला 8110 रुपये हमीभावानं तो पावणेदोनशे क्विंटलच्या घरातला कापूस झाला. दिवाळीनंतर गेटवर गाड्या लागलेल्या असताना शेतकऱ्याला रोख मोजावी लागते, तेव्हा हा पैसा गाडीत नाही, गाठींत पाहिजे.

काळी_माती

भाऊ, समृद्धी चांगली हाये, मान्य. पण समृद्धीवर चढाले आधी गावातून निंघा लागते ना! झेडपीच्या शाळेपुढचे ब्रेकर पाह्यले का तुमी? मापात एकही नाई. बसक्या गाडीचं पोट टेकलं की खालचं प्लास्टिकचं गार्ड लोंबते, अन् ते बदलाले नागपूरच गाठा. पावसाळ्यात ट्रॅक्टर वावरातून निंघते, चाकाची सारी काळी माती डांबरावर पडते. त्या चिखलावर मागच्या चाकाची 258 ची गाडी? बुड सरकलं तं सावरता येईन का? बाबाले मळमळ होते तं 100 नं चालवा. त्याच्यासाठी सत्तर लाखाची गाडी कायले?

वरुडचा_संत्रेवाला

मी लीजच्याच विरोधात आहे, गाडी कोणतीही असो. आपला पैसा दर महिन्याला येत नाही. आमच्या संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी-मार्च. मधले महिने कोरडे. तुमचंही तसंच, दिवाळी ते मार्च जिन धावतं आणि मग मशिनरीची दुरुस्ती. लीजचं भाडं मात्र जुलैतही त्याच तारखेला खात्यातून जाणार.

मी ढोबळ हिशेब करून पाहिला. सत्तर लाखांची गाडी चार वर्षांनी अठ्ठावीस लाखांची उरते असं धरलं, तर बेचाळीस लाखांची घट 48 महिन्यांत वाटून महिना 87,500 होतात. अडकलेल्या रकमेवर दहा टक्क्यांनी व्याज धरलं की आणखी चाळीस हजारांवर. म्हणजे महिन्याला सव्वा लाखाच्या पुढेच, आणि शेवटी हातात काही नाही. घट लीज कंपनी घेते असं तुम्ही म्हणता. ती घट तुमच्याच भाड्यात घातलेली असते.

आणि हंगाम फसला तर? बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, आमचा माल इथल्याच बाजारात कोसळला. तुमच्या धंद्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरपर्यंत उठवलं, ऐन हंगामाच्या तोंडावर. असा निर्णय होतो तेव्हा स्वतःची गाडी विकून पैसा मोकळा करता येतो. लीजची गाडी मुदतीआधी परत केली तर उलट दंड भरा.

जिनवाला_धामणगाव

संत्रेवाले भाऊ, मासिक भाड्याचा मुद्दा बरोबर आहे आणि मलाही तो टोचतो. पण स्वतःची गाडी विकून पैसा मोकळा होतो, हे लक्झरी गाडीला लागू पडत नाही. अमरावती-यवतमाळात तीन वर्षं वापरलेल्या जर्मन गाडीला गिऱ्हाईक कुठे आहे? नागपूरचा दलाल अडलेल्या माणसाला काय भाव देतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. ऐन मंदीत विकायची वेळ आली तर अठ्ठावीस लाखही येणार नाहीत. ती जोखीम कागदावर दुसऱ्याच्या नावे असावी, याचेच पैसे मी मोजतोय.

काळी_माती भाऊ, ब्रेकरचं पटलं. ट्रायल गाडी घरापर्यंत मागवतो, शाळेपुढून नेऊन पाहतो.

सीए_अमरावती

कराबद्दल लिहितो, कारण "लीज म्हणजे टॅक्स वाचतो" या एका वाक्यावर बरेच सौदे होताना मी पाहतो.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळे वरुडच्या बागाईतदाराला भाडं खर्चात दाखवून काहीच मिळत नाही. वजावट घ्यायला करपात्र उत्पन्नच नाही. जिनिंगचं वेगळं आहे. फर्मचा नफा 30 टक्क्यांनी करपात्र, अधिक सेस. तिथे धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचं भाडं पूर्ण खर्च म्हणून जातं.

आता वरच्याच आकड्यांवर तुलना करा. भाडं वर्षाला साधारण साडेपंधरा लाख. विकत घेतली तर 15 टक्के घसारा (गाडीची किंमत उतरते म्हणून मिळणारी वजावट), पहिल्या वर्षी साडेदहा लाख, आणि छपन्न लाखांच्या कर्जावर पाचेक लाख व्याज. म्हणजे पहिल्या वर्षी दोन्हींत फरकच नाही. पुढे घसारा उरलेल्या किमतीवर निघत असल्यानं 8.9, 7.6, 6.4 लाख असा उतरत जातो, व्याजही उतरतं, आणि भाडं तेवढंच राहतं. लीजचा करातला फायदा आहे तो दुसऱ्या ते चौथ्या वर्षात. विकत घेणाऱ्याची उरलेली वजावट बुडत नाही, उशिरा मिळते.

आपल्याकडे गाडी दिवाळीला घ्यायची पद्धत आहे. आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. भाड्याला ही अट नाही. दिवाळीतच घ्यायची असेल तर पहिल्या वर्षी लीज पुढे जाते.

जीएसटीबद्दल गैरसमज फार. सप्टेंबर 2025 पासून या मोठ्या गाड्यांवर 40 टक्के, आणि गाडीवर जो दर तोच भाड्यावर. लीज कंपनीला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर वळता करून घेता येतो, म्हणून मूळ भाडं कमी दिसतं, पण बिलावरच्या कराचं क्रेडिट तुमच्या फर्मला मिळत नाही. तेव्हा कोटेशन करासकट मागा, नाहीतर तुलना फसते.

कागद कोणाच्या नावावर हेही आधी ठरवा. आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) तुमचं नाव आणि लीजची नोंद, अशी पासिंग करता येते. लीज कंपनीच्या नावावर केली तर महाराष्ट्रात वाहन कर 20 टक्के. व्यक्तीच्या नावावर वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13. साठ लाखांच्या गाडीवर हा फरक चार लाखांच्या वर जातो.

आणि एक. बाबांना घेऊन शेगावला, मुलांना घेऊन चिखलदऱ्याला गाडी फिरली, तर तो धंद्याचा खर्च नाही. अधिकारी तेवढा भाग नामंजूर करतो. लॉगबुक ठेवा.

अमरावती_टायरवाला

इंजिनाचं सगळे बोलले, टायरचं कोणीच नाही. आमच्या काउंटरवर या गाड्या कशासाठी येतात ते सांगतो: साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, आलेला फुगा. लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या साइडवॉलचा, टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की आतले धागे तुटतात आणि बाजूला लिंबाएवढा गोळा येतो. त्याला पंक्चर लावता येत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. 330 ला पुढे 225/45 आणि मागे 255/40, 18 इंची, तेही रन-फ्लॅट. पुढचे-मागचे माप वेगळे, म्हणजे आलटून-पालटून घालता येत नाहीत, आणि मागचे लवकर जातात. असा टायर मी दुकानात ठेवत नाही, मागवावा लागतो.

रन-फ्लॅट म्हणजे हवा गेली तरी 80 च्या वेगानं 80 किलोमीटर. धामणगावहून नागपूर त्याहून लांब आहे. अमरावतीला पोचाल, पण इथे टायर येईस्तोवर गाडी उभी राहील. डिक्कीत स्टेपनी आहे की नाही हे बुकिंगच्या आधी उघडून पाहा, ब्रोशरवर जाऊ नका.

काँक्रीटच्या रस्त्यावर मे महिन्यात तासन् तास 120 नं चाललं की टायर तापतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या कडेच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच भरा. तापलेल्या टायरमधली हवा काढू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो.

लीजच्या बाजूनं एक गोष्ट बोलतो: भाड्यात टायर धरलेले असतील तर तो करार फायद्याचा. नसतील तर चार वर्षांत दोन जोड्या टायरचे पैसे बाजूला काढून ठेवा.

वणीची_डॉक्टर

मी लीजवर सेडान वापरली आहे, करार पूर्ण करून परत दिली आहे, आणि पुन्हा लीजच घेणार. वणीहून चंद्रपूरचा रस्ता कोळशाच्या ट्रकनी काय केलाय हे इथल्यांना सांगायला नको. त्या रस्त्यावरही सेडान टिकली, कारण मी साधं सस्पेन्शन आणि लहान चाकं घेतली. जिनवाले दादा, बाबांना मागे बसवायचं आहे ना? मग स्पोर्ट पॅकेजची कडक गाडी कशाला? समृद्धीवर ती छान वाटेल, पण घरी पोचेपर्यंतच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये त्यांच्या कमरेला सगळं कळेल. शिवाय 330 चा व्हीलबेस लांबवलेला आहे, 2961 मिलिमीटर. मागे पाय ठेवायला ऐसपैस, पण दोन चाकांमधलं अंतर वाढलं की उंच ब्रेकरवर मधलं पोट आधी टेकतं. माझं मत सी 200 ला.

गाडी परत देतानाचं सांगते. कंपनीचा माणूस टॉर्च घेऊन आला आणि रिमच्या कडेचा एकेक ओरखडा मोजत गेला. झिजेचे आणि नुकसानीचे निकष करारात मोघम लिहिलेले होते, त्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या सोयीनं लावला आणि डिपॉझिटमधून बरीच रक्कम कापली. म्हणून किती लांबीचा ओरखडा चालतो, काच तडकली तर कोणाच्या माथी, किलोमीटरची मर्यादा ओलांडली तर दर किलोमीटरला काय, हे सहीच्या आधी लेखी घ्या. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, चाकांचे आणि पोटाखालचे फोटो काढा.

पुसद_मॅन्युअल

तीन वर्षं जुनी, कमी चाललेली, कंपनीच्याच सर्टिफाइड शोरूममधून वॉरंटीसकट घ्या. घट पहिल्या मालकानं सोसलेली असते. निम्म्या पैशात तीच गाडी, तेच इंजिन. नव्या वासासाठी सव्वा लाख महिना देणं मला पटत नाही.

जिनवाला_धामणगाव

पुसदवाले, विचार केला होता. पण तेव्हा पैसा पुन्हा गाडीतच अडकतो, आणि वॉरंटी संपली की जिनच्या आवारातली रुई माझी परीक्षा पाहते. हंगामात हवेतली रुई जाळीतून आत जाऊन रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरवर नमद्यासारखा जाड थर धरते. सध्याच्या गाडीचा आमचा मिस्त्री बंपर उघडून ब्लोअर मारतो. या गाड्यांचा बंपर उघडायचा तर नागपूर. म्हणून सर्व्हिस आणि पिकअप भाड्यात असलेलीच लीज हवी.

डॉक्टरताई, स्पोर्टी गाडीचा हट्ट मी सोडत नाही. ओव्हरटेकला लागणारी ताकद हा माझ्यासाठी जिवाचा प्रश्न आहे, दोन पदरी रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना ते तीन-चार सेकंदही मोलाचे असतात. पण 258 हॉर्सपॉवर सी-क्लासमधल्याच सी 300 मध्येही आहे, आणि तिची बैठक बाबांना दाखवून पाहतो. दोन्ही गाड्यांची ट्रायल घरापासून, शाळेपुढचे ब्रेकर धरून. कोटेशन करासकट, टायरसकट. आणि संत्रेवाले भाऊंच्या मुद्द्यावर कंपनीला विचारणार: नोव्हेंबर ते मार्च भाडं जास्त आणि पावसाळ्यात कमी, असं बसवून देता का? ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता चालतो तर इथे का नाही? नाही म्हणाले तर लीजचा विषय मी बंद करतो.

वरुडचा_संत्रेवाला

लीजबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, तरी हंगामी भाड्यावर ते काय म्हणतात ते नक्की लिहा. एक अट आणखी घाला: पावसाळ्यातलं कमी केलेलं भाडं पुढे ढकलताना त्यावर व्याज लावतात का, आणि किती. तिथेच ते वसूल करतील.