ऑडासिटीत बहिरेपण ऐकवायचं असेल तर

सांगलीतल्या शिक्षक-प्रशिक्षणात बहिऱ्या मुलांना कसं ऐकू येतं ते ऐकवायला ‘ध्वनिफितीचा आवाज निम्म्यावर आणा’ असं एकानं सुचवलं होतं. त्यानं सगळंच सारखं बारीक होतं. वयामुळं किंवा गोंगाटामुळं येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्ट्या (उंच, बारीक स्वर) जातात.

ऑडासिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिल्टर कर्व्ह ईक्यू’ (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) उघडा आणि ऑडिओग्रामचे (श्रवणचाचणीच्या आलेखाचे) आकडे उणे करून बिंदू ठेवा, उदा. ५०० हर्ट्झला -१५ डेसिबल, १००० ला -२५, २००० ला -४५, ४००० ला -६५. डेसिबलचे आकडे तेवढे खाली दिसत नसतील तर डावीकडचा स्लायडर ओढा. आता रेकॉर्ड केलेला ‘साठ’ फिल्टर लावून ऐका, ‘आठ’ ऐकू येतं. हळदीच्या सौद्यातली वाक्यं घेतलीत तर फरक लगेच पटेल.

मूळ रेकॉर्डिंग ४४१०० हर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्येच हवं. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये वरचा भाग आधीच छाटलेला असतो, मग आधी-नंतरचा फरक कळत नाही. फिल्टरनंतर ‘नॉर्मलाइज’ अजिबात नको, कमी केलेला आवाज ते परत चढवतं. मूळ आणि फिल्टर केलेला असे दोन्ही तुकडे एकाच ट्रॅकवर मागोमाग ठेवा, म्हणजे मध्येच कुणी व्हॉल्यूम फिरवणार नाही (फिरवतातच!).

एक उणीव मात्र राहते. आतल्या कानाच्या दोषात बारीक आवाज हरवतो, पण मोठा आवाज जवळपास पूर्वीइतकाच मोठा लागतो, शिवाय शब्द एकमेकांत मिसळतात. ईक्यूला यातलं काही जमत नाही. त्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं ‘पायक्लॅरिटी’ हे पॅकेज बघा. त्यातलं एमएसबीजी हे बहिरेपणाची नक्कल करणारं मॉडेल ऑडिओग्राम घेऊन दोन्ही परिणाम घालतं. कानात मळ साचल्यासारख्या साध्या दोषाला मात्र ईक्यू पुरतो.