फॉर्मच्या आतल्या फॉर्ममध्ये डीलुकअप: बंद करावं की नीट शिकावं?

खुडा_आणि_क्रेट (पिंपळगाव बसवंत)
माझं मत आधीच सांगतो. ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) फॉर्मच्या आत फॉर्म असेल तर डीलुकअप, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातून एखादी नोंद शोधून आणणारं फंक्शन, वापरूच नये.
आमच्या द्राक्षाच्या पॅकहाउसवर बाहेर शेतकरी, त्याच्या आत बाग, बागेच्या आत रोजचा खुडा, अशी मांडणी आहे. खुड्याच्या ओळीत तारीख टाकली की दर-तक्त्यातून त्या दिवसाचा भाव यायचा. २० जानेवारीला माल सुरू झाला, सगळं सुरळीत. १ फेब्रुवारीला भावाचा रकाना कोरा. २ तारखेला भाव आला. ३ ते १२ परत कोरा, हाताने टाकत बसलो. १३ पासून गाडी रुळावर. भाचा म्हणाला, "मामा, झालं बरं आपोआप." ताप उतरावा तसा कॉम्प्युटर बरा होत नाही, हे तेव्हा सुचलं नाही. १ मार्चला परत कोरा. २ मार्चला भाव आला, पण ३ फेब्रुवारीचा! दिंडोरीकडचा एक शेतकरी मालाच्या हिशेबाची पट्टी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा कळलं. एररसुद्धा नाही.

सातपूर_नाईटशिफ्ट
भाऊ, सुरीने बोट कापलं म्हणून सुरी फेकता का? डीलुकअपची अट मजकूर म्हणून जाते. त्या मजकुरात # च्या दोन खुणांमध्ये जोडलेली तारीख ॲक्सेस आधी महिना धरून वाचतं, तुमच्या विंडोजची मांडणी काहीही असो. तुमचं ३/२ त्याने २ मार्च म्हणून शोधलं, तो दिवस अजून उगवलाच नव्हता, म्हणून कोरं. २/२ उलटं केलं तरी तेच. १३ वा महिना नसतो, म्हणून १३ पासून त्याने निमूट दिवस-महिना धरला. आणि २/३ उलटलं की ३ फेब्रुवारी, ज्याचा भाव तक्त्यात होताच. फॉरमॅट फंक्शनने तारीख वर्ष-महिना-दिवस करून जोडा, विषय संपला.

खुडा_आणि_क्रेट
कारण शंभर टक्के पटलं, १ फेब्रुवारी आणि १ मार्च कोरे का होते तेही आत्ता उलगडलं: त्याने २ आणि ३ जानेवारी शोधले, तेव्हा माल सुरूच नव्हता. पण विषय संपला नाही. क्वेरीत (तक्ते जोडून माहिती काढायची मांडणी) दर-तक्ता तारखेला तारीख आणि वाणाला वाण जोडून घेतला असता, तर मधे मजकूर आलाच नसता आणि उलटापालट व्हायला जागाच नव्हती. शिवाय खुड्याचा फॉर्म एकटा उघडला की चालतो, बागेच्या आत टाकला की #नेम? (नाव सापडत नाही) अशी चूक दाखवतो. हे काय शहाणपण?

अंबडची_ताई
त्या #नेम? वर मी दोन दिवस घालवलेत, म्हणून सविस्तर लिहिते. आत बसवलेला फॉर्म उघड्या फॉर्मांच्या यादीत नसतो. त्यामुळे फॉर्म्स (त्या यादीचं नाव) म्हणून थेट त्याचं नाव घेतलं की सापडत नाही. वाट बाहेरून काढावी लागते: मुख्य फॉर्म, मग सबफॉर्मची चौकट, मग .फॉर्म, मग आतला रकाना. दुहेरी नेस्टिंग (फॉर्मात फॉर्म, त्यातही फॉर्म) असेल तर चौकट आणि .फॉर्म दोनदा. मेख अशी, की इथे चौकटीचं नाव लागतं, आतल्या फॉर्मचं नाही. फॉर्म ओढून आणून टाकला की दोन्ही नावं बहुतेक वेळा सारखीच पडतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. माझ्याकडे चौकटीचं नाव चाइल्ड२३ होतं! आतून बाहेर बघायचं असेल तर पॅरेंट (बाहेरचा फॉर्म) वापरा.
आणि आतले फॉर्म बाहेरच्याच्या आधी लोड होतात. उघडताना आतल्या कोडने बाहेरचा रकाना मागितला तर तो अजून जन्मलेलाच नसतो.

खुडा_आणि_क्रेट
ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. एवढी वाट कोण लक्षात ठेवणार?

अंबडची_ताई
नाही हो, तुमची बाजू नाही. क्वेरीत तक्ते जोडत गेलात आणि एखादी बेरीज घातलीत की ती क्वेरी फक्त वाचण्यापुरती उरते. सकाळी सात वाजता क्रेट मोजणारा माणूस टाइप करतोय आणि रकाना ढिम्म हलत नाही, हे मी पाहिलंय. मी वाणाच्या कॉम्बोबॉक्समध्येच (यादीतून निवडायचा रकाना) भावाचा स्तंभ लपवते आणि तिथून उचलते. फक्त स्तंभांची मोजणी शून्यापासून असते, तिसरा हवा तर २ लिहायचं.

नोंद_मराठीतच
मधेच बोलतो. रकान्यांची नावं मराठीत ठेवली असतील तर व्हीबीएच्या (ॲक्सेसची कोड लिहायची भाषा) खिडकीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. तक्त्यात मराठी बिनधास्त ठेवा, कोडमध्ये नको. मी गावाच्या नावावर शोधायचो, "निफाड" पुढे कुणीतरी स्पेस मारून ठेवली होती, म्हणून सापडेना. आता गावाला नंबर दिलाय.

जुने_मुनीम
तुम्ही सगळे भाव शोधायचा कसा यावर भांडताय. मी विचारतो, दरवेळी शोधायचाच कशाला? पट्टी कापली त्या क्षणी भाव त्या ओळीत लिहून टाका. उद्या कुणी दर-तक्त्यात आकडा सुधारला तर तुमची क्वेरी गेल्या महिन्याची पट्टी बदलून दाखवेल. आमच्या लाल वहीत खोडाखोड चालत नसे.

सातपूर_नाईटशिफ्ट
मुनीमकाका, एकच माहिती दोन ठिकाणी ठेवायची नाही, हे डेटाबेसचं पहिलं पाठांतर.

जुने_मुनीम
दोन ठिकाणी कुठे? तक्त्यातला तो बाजारातला भाव, ओळीतला तो आपण दिलेला. शेतकऱ्याला तुम्ही कोणता सांगता?

सातपूर_नाईटशिफ्ट
...बरं. पण ओळीत लिहिताना एकदा तरी शोधावा लागेलच ना? तिथे डीलुकअपच वापरीन, तारीख नीट करून.

खुडा_आणि_क्रेट
तेवढी सूट देतो: पट्टी कापताना एकदाच, आणि सापडला नाही तर शून्य नको, रकाना लाल आणि नोंद अडवायची. मी नल (रिकामी नोंद) झाकायला एनझेड फंक्शन लावून शून्य दाखवणार होतो, तेही सोडतो. आज २ मार्चच्या सगळ्या पट्ट्या काढल्यात. किलोमागे सात रुपये कमी गेलेत. भाच्याला घेऊन उद्या दिंडोरीला चाललोय.