ऐरोलीतल्या इमारतीत भूकंपाच्या धक्क्याची नोंद: यंत्र कुठे बसवावं?

खाडीकाठ: १४ मजली सोसायटी, खाली भराव आणि खाडीची चिकणमाती. जोराचा धक्का मोजायचा आहे. जिओफोन (जमिनीच्या कंपनाचा वेग मोजणारं यंत्र) चालेल का? पंपरूम रिकामी आहे.

फत्तर: जिओफोन नको. मोठ्या धक्क्यात त्याची नोंद वरखाली छाटली जाते. तीन अक्षांचा, अधिक-उणे २ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) क्षमतेचा, त्वरण मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर घ्या. १९६७ मध्ये कोयना धरणातल्या यंत्राने सुमारे ०.६३ जी नोंदवलं होतं, त्यामुळे अर्ध्या जीचं स्वस्त यंत्र बघूच नका.
पंपरूम तर अजिबात नको! पंप सुरू झाला की ट्रिगर, म्हणजे नोंद आपोआप सुरू, आणि मेमरी फालतू नोंदींनी भरणार. लिफ्टपासून लांब, तळमजल्याचा कोपरा बघा. टाइल ठोकून बघा, पोकळ वाजली तर फोडा. यंत्र थेट काँक्रीटला अँकर बोल्टने आवळा. सैल राहिलं तर ते स्वतःच थरथरतं आणि तीच नोंद होते.

ओळंबा: एक भर. तळमजल्यावर इमारतीचं हलणंही मिसळतं. निव्वळ जमिनीचं हवं असेल तर दुसरं यंत्र इमारतीच्या उंचीइतकं तरी दूर, मोकळ्यावर. तिसरं गच्चीवर. तिघांना जीपीएसची एकच वेळ हवी, नाहीतर तुलना कसली करणार? सेकंदाला २०० नमुने, ट्रिगरआधीचे ३० सेकंद राखून ठेवा. बॅटरी हवीच, धक्क्यात वीज आधी जाते.

खाडीकाठ: अक्ष उत्तरेला लावू की भिंतीला?

ओळंबा: भिंतीला समांतर. उत्तरेशी होणारा कोन डब्यावर लिहून ठेवा.